एक नंबरचं कार्ड

कच्च.

आवाज एवढासाच, पण दुपारच्या शांततेत तो नको तितका स्पष्ट ऐकू आला. वरच्या मजल्यावर अप्पा, म्हणजे तिचे सासरे, जेवून आडवे झाले होते. नवरा नाटकवाल्यांचे टोप पोचवायला गेला होता. ती खिडकीशी बसून जाळीत केस गुंफत होती: आकड्याच्या सुईने एक केस ओढायचा, गाठ मारायची, की पुढचा. या कामात बुडालं की आजूबाजूचं काही ऐकू येत नाही, कात्री तेवढी ऐकू येते. पन्नास वर्षं केसांचे टोप बनवणाऱ्या घरात कात्री कापडावर चालली, कागदावर चालली की केसांवर, हे डोळे मिटूनसुद्धा कळतं. ही केसांवर चालली होती. आणि खालच्या मजल्यावर तिच्याखेरीज एकच माणूस होतं, वय वर्षं सहा.

ती वाकून कामाच्या टेबलाखाली बघायला लागली.

"बाहेर ये."

"मी इथे नाहीये."

"जी नाहीये तिची कात्री आधी बाहेर येऊ दे. मुठीकडून."

कात्री आली, अगदी शिकवल्यासारखी, मुठीकडून. मागून लेक आली. कपाळावरची उजवीकडची बट मुळापासून उडालेली, आणि तीच बट मुठीत घट्ट धरलेली. तांब्याचं भांडं नुकतं घासून उन्हात ठेवावं तसा त्या केसांचा रंग होता. त्या रंगापायी सगळे तिला ठिणगी म्हणत, आणि स्वभावापायी ते नाव टिकलं होतं.

"हे काय केलंस गं?"

"नमुना काढला," ठिणगी म्हणाली. "मला टोप करायचाय. काळा. शुक्रवारच्या आत."

या दुकानाचा नियम तिला पाठ होता. गिऱ्हाईक कोणीही असो, आधी त्याची स्वतःची एक बट कापायची, जाड कागदाच्या कार्डावर दोऱ्याने शिवायची, खाली डोक्याची मापं लिहायची, मग जाळीला हात लावायचा. टोप त्या बटेशी जुळला नाही तर अप्पा तो उसवायला लावत, मग गिऱ्हाईक दारात का उभं असेना.

"शुक्रवारी काय आहे?"

"शाळेत घरच्यांना बोलावलंय. सगळ्यांनी पुढे जाऊन सांगायचं, मी कुणासारखी दिसते." ठिणगीने बट दुसऱ्या मुठीत घेतली. "माझ्या बाकावरची म्हणाली, तू कुणासारखीच नाहीस. तुझ्या आईचे केस काळे, बाबांचे काळे, आजोबांचे तर सगळ्यांत काळे."

"म्हणू दे तिला."

"आई, खरं सांग. माझा डबा बदलला होता का?"

"कसला डबा?"

"मागे नाही का, नाटकातल्या राजाचा टोप बँकेतल्या मावशींकडे गेला आणि मावशींचा राजाला घातला. लेबल चुकलं म्हणून. तसं माझं पण झालं असेल. माझ्या खऱ्या घरी आता कोणीतरी काळ्या केसांची मुलगी असेल, आणि ते लोक पण म्हणत असतील, ही कुठून आली."

तिला हसू आलं, पण लेकीचा चेहरा पाहून तिने ते आवरलं. हे आज टेबलाखाली सुचलेलं नव्हतं. पोरीने हे बरेच दिवस आतल्या आत घोळवलं होतं. त्या दुसऱ्या मुलीचीसुद्धा काळजी करून झाली होती.

तिने तिला मांडीवर ओढलं. "माझ्या पोटातून आलीस तू. मधे कुठे डबा आला?"

"तू झोपली होतीस. बाबा सांगतात, तू दोन दिवस झोपली होतीस."

तिने लेकीच्या कपाळावरचे खुंट बोटाने दाबले.

खरं तर हा प्रश्न जन्मापासून मागे लागलेला. दवाखान्यातल्या नर्सने बाळाचं डोकं दोनदा पुसलं होतं, रंग लागलाय की काय म्हणून. नणंदा बघायला आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे असं कोणी नाही हं. तिची आई आली, ती म्हणाली, आमच्याकडे तर दिवा घेऊन शोधलंस तरी सापडायचं नाही. दोन्ही घरांनी असे हात झटकले, आणि पोर बिचारी मधल्यामधे. शेजारीण विचारायची, गाजरं फार खाल्ली होतीस का? ती सगळ्यांबरोबर हसायची, आणि हसताना बाळाला जरा जास्त जवळ धरायची. नवऱ्याने मात्र एकदाही विचारलं नाही. तो म्हणाला होता, "आपल्या दुकानात सगळ्या छटा होत्या, तेवढी ही नव्हती." त्या एका वाक्यावर तिने त्याचे पुढचे शंभर गुन्हे माफ केले होते.

जिन्यावर पावलं वाजली. अप्पा उतरत होते. इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या भुवया, गुळगुळीत दाढी, आणि डोक्यावर वळणदार काळेभोर केस. सत्तरीला आलेल्या माणसाला असे केस असणं शक्य नव्हतं, आणि नव्हतेच. ते तिने केलेले होते. दरवर्षी एकदा दुकानाच्या कोपऱ्यातल्या फळीवर एक खोका येऊन बसायचा. आत जुना टोप, आणि चिठ्ठी: "एक नंबर. पूर्वीप्रमाणे." ती जुन्या टोपावरून हुबेहूब नवा करायची आणि खोका परत फळीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी खोका गेलेला असायचा. अप्पांनी यावर कधी शब्द काढला नाही, तिनेही काढला नाही. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि अप्पांचं उघडं डोकं पोटच्या पोरांनीही पाहिलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अप्पांची मूठ तर डोक्यावरच होती.

"कोणाची ऑर्डर आहे?" अप्पांनी विचारलं. दुकानात रडकं वातावरण त्यांना चालत नसे.

"माझी," ठिणगी म्हणाली आणि मूठ उघडली.

अप्पा त्या बटेकडे पाहत राहिले. गिऱ्हाइकाच्या बटेकडे ते पाहायचे त्यापेक्षा जरा जास्तच. मग टेप काढून नातीच्या डोक्याभोवती धरला. "सूनबाई, लिही. घेर एक्कावन्न. रंग?"

"काळा," गिऱ्हाईक म्हणालं.

"रंग काळा."

"अप्पा, नियम काय आहे?" ती हळूच म्हणाली. "नमुन्याशी जुळायला नको?"

"गिऱ्हाइकाची मर्जी," अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "माणसाला चारचौघांत मिसळून जावंसं वाटतं. त्यात काय चुकलं? नाटकवाल्यांच्या पेटीत पोरांचा एक तयार टोप आहे, तो तिच्या मापात आत घेऊ. जुन्या खोक्यांत लहान मापाची कार्डं असतील, बघ एखादं सापडतंय का."

तिला हा टोप करायचा नव्हता. पण लेकीचा उजळलेला चेहराही दिसत होता. एकदा का पोरगी त्या टोपाखाली गेली, की डबा बदलला होता हे तिच्या मनात कायमचं शिवलं जाणार. आणि रोज सकाळी तो टोप घालून देणार कोण, तर आईच.

बुधवारी सकाळी, ठिणगी शाळेत असताना, तिने माळ्यावरचे जुने खोके उतरवले. सगळ्यांत खालचा खोका बहुधा पन्नास वर्षांत कोणी उघडला नसावा. दोऱ्याने बांधलेली कार्डं. काळ्या बटा, करड्या, पांढऱ्या. तळाशी एक कार्ड कागदात गुंडाळलेलं. वर आकडा, एक. नाव नाही. घेर साडेसत्तावन्न, कपाळ ते मान पस्तीस, डाव्या कानामागे हाडाला उंचवटा, तिथे जाळी अर्धं बोट सैल.

ही मापं तिला स्वतःच्या चपलेच्या मापासारखी पाठ होती. डाव्या कानामागचा तो उंचवटा दरवर्षी तिला अर्धा दिवस छळायचा.

आणि कार्डावर शिवलेली बट तांब्याच्या रंगाची होती.

तिने ठिणगीची कालची बट आणून शेजारी धरली. खिडकीत नेऊन उजेडात धरली. छटा ओळखण्यावर तिचं पोट चालत होतं, आणि या दोन बटांत तिला केसाचाही फरक सापडेना. सहा वर्षं सगळं जग विचारत होतं, आणि उत्तर माळ्यावर दोऱ्याने बांधून ठेवलेलं. तिचीही चूक म्हणायची ती हीच. बाकी प्रत्येक टोप तिने कार्डावरून केला, हा एकच जुन्या टोपावरून करत आली. मूळ कार्ड कधी मागितलंच नाही.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. विज्ञानाच्या बाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, केस विरळ आणि जीभ दाट. नवा टोप घालून बघायला त्यांची आजची वेळ होती. त्यांना खुर्चीत बसवून, कोणाचं नाव न घेता, तिने विचारलं, "बाई, आजोबाचे केस तांबडे असले तर नातीचे होतात का? मधे बापाचे काळे असून?"

"होतात की. फक्त आजोबा एकटा पुरत नाही." बाईंनी टेबलावरून दोन बटा उचलल्या, एक काळी, एक तांबूस. "असं समज, प्रत्येकाच्या खिशात दोन चिठ्ठ्या. एक आईने दिलेली, एक बापाने. काळी चिठ्ठी मोठ्या तोंडाची. ती असली की तांबडी अळीमिळी गुपचिळी." त्यांनी काळी बट तांबडीवर ठेवली, तांबडी दिसेनाशी झाली. "पण आपल्या पोराला माणूस दोन्हींतली एकच देतं, कुठली ते कोणाच्या हातात नाही. गप्प बसलेलीच दिली गेली, आणि पलीकडूनही गप्प बसलेलीच आली, की झालं. दोघी मुक्या भेटल्या आणि बोलायला लागल्या."

"पलीकडून म्हणजे?"

"म्हणजे आईकडून. रंगाचं सगळंच काही इतकं सोपं नसतं, पण तांबड्याचं गणित बहुतेक असंच. अर्धं सासरचं, अर्धं तुझं." बाई आरशातून तिच्याकडे बघून हसल्या. "तोंड का उतरलं? सासरच्यांच्या गळ्यात घालून मोकळी होणार होतीस वाटतं?"

अगदी तेच करणार होती. बाई गेल्यावर तिने आईला फोन लावला.

"आपल्याकडे तांबड्या केसांचं कोण होतं?"

"कोणी नाही. हजारदा सांगितलंय."

"आई, नीट आठव. डोक्यावरचे सोड, दुसरे कुठलेही."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. "तुझा मामा दाढी वाढवत नाही," आई शेवटी म्हणाली.

"का?"

"वाढली की गंजल्यासारखी दिसते. लग्नाआधी एकदा ठेवली होती. तुझी आजी म्हणाली, आधी ती काढ, मग मुलगी बघायला जाऊ. पण ती दाढी गं. तिला काय केस म्हणायचं?"

"आई, तू फोन ठेव," ती म्हणाली, आणि एकटीच इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी तिने ठिणगीला दोन चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, बाईंनी उचललेल्याच बटा घेऊन. मामाआजोबांची दाढीही सांगितली. ठिणगीने न्यायाधीशासारखं ऐकून घेतलं.

"ती एक चिठ्ठी झाली. बाबांकडची कुठाय?"

दुसऱ्या टेबलाशी अप्पा तो काळा टोप आत घेत होते, सुई एका लयीत चाललेली. उत्तर त्या काळ्याभोर केसांखाली होतं, आणि ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. पोरीचं मन राखायला म्हाताऱ्याचं पन्नास वर्षांचं झाकण काढून घ्यायचं, हे तिला पटेना. आणि नाही काढलं तर पोर त्या टोपाखाली जाणार, हेही सोसवेना.

शेवटी तिने या घराची रीतच धरली. गुरुवारी सकाळी कोपऱ्यातल्या फळीवर तिने एक नंबरचं कार्ड ठेवलं. शेजारी ठिणगीचं. चिठ्ठी काय लिहावी सुचेना, म्हणून एवढंच लिहिलं: "अप्पा, गिऱ्हाईक विचारतंय, डबा बदलला होता का."

दुपारपर्यंत फळी रिकामी झाली होती. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, तरी अप्पांनी ती मुकाट संपवली.

शाळेतून आल्या आल्या ठिणगी आरशासमोरच्या खुर्चीवर चढून बसली, पाय लोंबकळत. अप्पांनी काळा टोप लाकडी डोक्यावरून उतरवला, आणि तिला न घालता शेजारी ठेवला. मग खिशातून दोन कार्डं काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"द्यायच्या आधी नमुना तपासायचा. हा कोणाचा?"

"माझा."

"आणि हा?"

"हा पण माझाच."

"नीट बघ. दोरा बघ, कागद बघ."

ठिणगीने कागदाचा वास घेतला. "म्हातारा कागद आहे."

"माझा आहे. एकोणीस वर्षांचा होतो."

"खोटं. तुमचे तर काळे आहेत."

अप्पा सुनेकडे वळले. "सूनबाई, दुकानाचं दार लाव."

तिने दार लावलं, पडदा ओढला, आणि आपण आत थांबावं की बाहेर जावं ते न कळून तिथेच पडदा धरून उभी राहिली. अप्पांनी दोन्ही हात कानांशी नेले. आधी डाव्या कानामागची बाजू सोडवली, तिथे अर्धं बोट सैल होतंच. मग टोप उचलून मांडीवर घेतला, झोपलेलं मांजर घ्यावं तसा.

खाली घासलेल्या परातीसारखं लखलखीत डोकं होतं. अप्पा आरशात नाही, जमिनीकडे बघत होते. कान लाल झाले होते.

ठिणगी खुर्चीवर उभी राहिली आणि आजोबांच्या टाळूवर हात ठेवला.

"थंड आहे," ती म्हणाली.

"वारा लागतो ना आता."

"कुठे गेले सगळे?"

"बाविशीपर्यंत गळून गेले. तू करतेस ती चिडचिड मी पण करायचो. वर्गात मी एकटाच तांबडा. गळले तेव्हा मनात म्हटलं, सुटलो, आता काळे लावू. माझा पहिला टोप मीच शिवला, आणि तेवढा एक नमुन्याविरुद्ध केला. तुझी आजी म्हणायची, मला जुनेच आवडत होते. मी ऐकलं नाही."

"आणि भुवया?" पडद्यापाशी उभ्या सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"तुझ्या सासूची पेन्सिल," अप्पा म्हणाले. "पांढऱ्या झाल्या तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, माझी पेन्सिल वाचली."

आधी हसली ठिणगी. मग ती. मग अप्पांच्या टाळूवर आठ्या पडल्या आणि ते इतके हसले की मांडीवरचा टोप खाली घसरला. नवरा पाठच्या दाराने आला, त्याने बापाचं डोकं पाहिलं, हातातले खोके तसेच धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी परत जाऊ का?"

"ये," अप्पा म्हणाले. "उशीरच झालाय. पण ये."

काळा टोप नाटकवाल्यांच्या पेटीत परत गेला. ठिणगीने स्वतः ठेवला, आणि झाकण लावण्याआधी त्याला म्हणाली, "तुझा काही दोष नाही."

शुक्रवारी सकाळी फळीवर खोका होता. आत चिठ्ठी: "एक नंबर. रंग कार्डाप्रमाणे." खाली बारीक अक्षरात, "घाई नाही." हाताने गाठी मारायच्या तर दीड-दोन महिने तरी जाणार होते. तोवर काय, हे तिने विचारलं नाही. अप्पा जिन्यावरून उतरले तेव्हा उत्तर डोक्यावर होतं. कालचाच काळा टोप, नीट विंचरलेला.

"एका दिवसात सगळंच कसं होईल," ते जरा ओशाळून म्हणाले. "पण कार्ड घेतलंय खिशात. तिने पुढे बोलावलं तर दाखवीन. ते डोकं दाखवायला लावू नको म्हणावं."

"आणि लावलंच तर?"

"तर बघू." अप्पांनी कॉलर सारखी केली. "वारा नसला म्हणजे झालं."

नवरा आणि अप्पा दारात बूट घालत होते. ती आत ठिणगीचे केस विंचरत होती. उजवीकडचे कापलेले खुंट उभेच राहत होते, पाण्याने दाबले तरी पुन्हा उठत. ठिणगीला त्याचं काही नव्हतं. ती आरशात स्वतःकडे नाही, आईकडे बघत होती. कपाळ, नाक, काळे केस, एकेक तपासत.

"आई, तुझ्याकडची चिठ्ठी तुला माहीत होती?"

"नव्हती गं."

"इतकी वर्षं ती तुझ्यात गप्प बसून होती आणि तुला कळलंच नाही?"

"नाही कळलं. तू आलीस म्हणून कळलं."

ठिणगीने मान वळवली, कंगवा केसांत अडकलेला तसाच राहिला.

"मग माझ्यात आत्ता कोण कोण गप्प बसलंय?"